जमिनीचा सातबारा नाही, कर्जाचा मात्र आहे!

माणिकगडच्या डोंगरात वसलेल्या जिवती तालुक्यात जमिनीचा कागद मागायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्याच्या आधीही नांदेड, परभणी, लातूरकडून पाठीवर बिऱ्हाड घेऊन आलेली आमची माणसे इथे दोन-दोन पिढ्या कापूस, तूर, ज्वारी पिकवीत आहेत. जमीन वनखात्याची की महसूलची, या वादात त्यांचे आयुष्य गेले. २००६ साली वनहक्क कायदा आला. पण आदिवासी नसलेल्यांना त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. १९७२ साली आलेला माणूस ती कुठून दाखवणार? म्हणून अनेकांना पट्टा नाही. पट्टा नाही म्हणून सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही. मग उरतो गावचा सावकार, आणि बायकांचे गट करून हफ्ता गोळा करणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या.

ज्या माणसाच्या जमिनीची नोंद सरकारी दप्तरात सापडत नाही, त्याच माणसाच्या कर्जाची नोंद मात्र मुंबईतल्या संगणकात वर्षानुवर्षे जपून ठेवलेली असते. ती खरी असो की खोटी.

पेरणीच्या तोंडावर माझ्याकडे एक बाई आली. महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये ज्या चौदा गावांवर हक्क सांगतात, त्यातल्या एका गावची. नाव सांगत नाही. या लेखाचा विषयच तो आहे. तिच्या पिशवीत दोन राज्यांची रेशनकार्डे आणि दोन राज्यांची मतदार ओळखपत्रे होती. इकडच्या कार्डावर नाव आधी आणि आडनाव शेवटी, तिकडच्या कार्डावर आडनावाचे अक्षर आधी. गटातल्या बाकीच्या बायकांचे कर्ज मंजूर झाले, हिचे नामंजूर झाले. कंपनीच्या पोऱ्याने एवढेच सांगितले, “तुमचं सिबिल खराब आहे.” ज्या कंपनीचे कर्ज थकले म्हणून दाखवत होते, त्या कंपनीचे नावही तिने ऐकलेले नव्हते. “वकीलसाहेब, म्या त्यांचा एक रुपयाबी घेतला नाही. मग माझं नाव तिथं गेलंच कसं?”

तिचा अहवाल मागवायचे ठरले. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून या कंपन्यांवर घातले आहे. पण मोबाइलवर अहवाल काढायला नोंदवलेल्या क्रमांकावर येणारा आकडा भरावा लागतो, आणि नोंदवलेला क्रमांक तिचा नव्हताच. कर्ज देताना वसुलीच्या पोऱ्याने कुणाचा तरी टाकून दिला होता. शेवटी ओळखपत्राच्या नकला जोडून पोस्टाने अर्ज केला.

अहवाल हाती आला तेव्हा उलगडा झाला. त्याच वस्तीत तिच्याच नावाची दुसरी बाई आहे. आमच्या वस्त्यांत रमाबाई, सावित्री, यशोधरा, सुजाता या नावांच्या चार-चार जणी असतात, आणि नवऱ्याचे नाव भीमराव असणे ही तर घरोघरची गोष्ट आहे. मराठवाड्यातून एकाच भावकीची घरे आली, म्हणून आडनावही एक. जन्मतारीख दोघींचीही १ जानेवारी, कारण जन्माचा दाखला नसला की आधारवाला अंदाजे वय विचारून तीच तारीख टाकतो. पत्ता एक, पिनकोड एक. संगणकाने दोघींना एक करून टाकले. बाबासाहेबांच्या चळवळीने आम्हाला अभिमानाची नावे दिली, आणि त्याच नावांनी एका बाईची पेरणी अडली.

तक्रार केली. कायद्याची गंमत पाहा. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपनी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कर्जदार चूक दाखवू शकतो, ती तीस दिवसांत दुरुस्त व्हायला हवी. पण ज्या वित्तसंस्थेने नोंद पाठवली तिने दुजोरा दिल्याशिवाय माहिती कंपनी अक्षरही बदलू शकत नाही. म्हणजे वहीत चूक आहे की नाही हे सावकारालाच विचारायचे! आमच्या तक्रारीचा निकाल ४७ व्या दिवशी लागला. तीस दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्याप्रमाणे मागणी करून तिला १,७०० रुपये मिळाले. तोपर्यंत तिने कृषी केंद्रवाल्याकडून दीडपट भावाने उधार बियाणे उचलून पेरणी केलेली होती.

पैसे मिळाल्यावर तिने जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा लेख लिहितो आहे. “आता माझं नाव तिथून कायमचं काढून टाका. मला त्यांच्या वहीत राह्याचंच नाही.”

मी सांगितले, ताई, ते होत नाही.

का होत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली. त्या काळात कर्जदाराची माहिती तिच्याकडे देण्यासाठी बँकांना कर्जदाराची संमती घ्यावी लागे. २००५ चा कायदा आला, डिसेंबर २००६ मध्ये लागू झाला, आणि माहिती देणे हे बँकांचे कायदेशीर कर्तव्य झाले. आता फॉर्मवर “मी संमती देते” असे छापलेले असते, ते नुसते सोपस्कार. आज सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हायमार्क अशा चार कंपन्या आहेत, आणि २०१५ पासून प्रत्येक वित्तसंस्थेला चारही कंपन्यांचे सभासद व्हावे लागते. १ जुलै २०१६ पासून टप्प्याटप्प्याने बचतगटातल्या एकेका सभासदाची माहितीही त्यांच्याकडे जाऊ लागली. २०२२ च्या मायक्रोफायनान्स नियमांनी तर कुटुंबाचे उत्पन्न किती, हेही या कंपन्यांना कळवणे सक्तीचे केले. आलेली माहिती किमान सात वर्षे जपायची. १ जानेवारी २०२५ पासून ती महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी पाठवणे सुरू झाले.

या नोंदीचा काहीच उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. एकाच बाईला पाच कंपन्यांनी कर्ज देऊन तिचा गळा आवळू नये, सगळे हफ्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, यासाठी अशी नोंद हवी. तो नियमही २०२२ चाच आहे. माझे भांडण नोंदीशी नाही. एका अंगठ्यात काय काय उरकून घेतले जाते, त्याच्याशी आहे.

गटाच्या बैठकीत फॉर्मवर अंगठा घेतात, तेव्हा त्या कागदावर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. कर्जाची माहिती क्रेडिट कंपनीला देणे, ही कायद्याची सक्ती. तिला नकार देता येत नाही. पण त्याच कागदाच्या पोटात बारीक अक्षरात आणखी असते, की तुमचा क्रमांक, तुमचे उत्पन्न, तुमचा पत्ता आमच्या सहयोगी कंपन्यांना विमा, मोबाइल, आणखी कर्ज विकण्यासाठी देऊ. ही सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. इथे नाही म्हणता येते. आमच्या बाईला हे कुणी सांगत नाही, आणि सांगितले तरी दोन्हींसाठी अंगठा एकच!

अमेरिकेत १९७० पासून पतमाहितीचा कायदा आहे. आपली माहिती पाहून कर्जाच्या आणि कार्डाच्या ऑफर पाठवणे बंद करा, असे तिथल्या माणसाला या कंपन्यांना सांगता येते. पाच वर्षांसाठी किंवा कायमचे. मूळ नोंदीतून सुटका तिथेही नाही. पण ज्यांना नाव द्यायचे नाही त्यांची यादी तिथल्या कायद्यानेच ठेवायला लावली आहे. आपल्याकडे अशी एक यादी नाही. तुकड्यातुकड्यांत हक्क आहेत. मोबाइल ॲपवरून कर्ज देणाऱ्यांना २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनी आणि पुढे ८ मे २०२५ च्या निर्देशांनी बांधले आहे: फोनमधल्या संपर्कांच्या यादीला आणि फोटोंना हात लावायचा नाही, तिसऱ्याला माहिती देण्यास कर्जदार नकार देऊ शकतो, दिलेली संमती मागे घेऊ शकतो, माहिती पुसायला सांगू शकतो. विक्रीचे फोन बंद करायला १९०९ हा क्रमांक आहे. पण हे सगळे ज्याला वाचता येते आणि ज्याच्या गावात रेंज आहे, त्याच्यासाठी. डोंगरावरच्या कोलामगुड्यात उंच खडकावर चढून फोन लावावा लागतो.

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि संमतीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करायचे ठरले. त्यात एक चांगली गोष्ट आहे. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येते, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असले पाहिजे. पण कलम १७ वाचा. ज्याने वित्तसंस्थेचे कर्ज थकवले, त्याची मालमत्ता, देणी आणि आर्थिक माहिती तपासण्यापुरते या कायद्यातले बहुतेक हक्क त्याला मिळत नाहीत. थकबाकीदार खरा की संगणकाने ठरवलेला, हे आधी कोण ठरवणार? आमची ताई त्या ४७ दिवसांत कागदोपत्री थकबाकीदारच होती. आणखी एक. कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३-अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट खोटी तक्रार केली असे ठरले, तर तक्रारदाराला दहा हजारांपर्यंत दंड! गरिबाला तक्रारीआधी घाबरवायला एवढे पुरे.

कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? क्रेडिट अहवालात जातीचा रकाना नाही, हे खरे. पण पत्त्याचा आहे. भीमनगर, बौद्धवाडा, आंबेडकर वॉर्ड, अमुक गुडा, तमुक तांडा. महाराष्ट्रात पत्ता वाचून जात ओळखायला संगणक लागत नाही. “तो एरिया निगेटिव्ह आहे” हे वाक्य मी वसुलीच्या पोरांच्या तोंडून ऐकलेले आहे. नोटाबंदीनंतर २०१६-१७ मध्ये विदर्भातल्या बायका मायक्रोफायनान्सच्या वसुलीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. मोर्चे संपले, निवेदने कचेरीत धूळ खात पडली. ज्यांचे हफ्ते तेव्हा थकले त्यांच्या नावापुढची खूण मात्र मोर्चाबरोबर उठली नाही.

१९४७ साली बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. नागरिकाचे घर आणि कागदपत्रे यांची विनाकारण झडती होता कामा नये, हे कलम त्यात होते. ते जसेच्या तसे संविधानात आले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या इतिहासाचीही उजळणी झाली. आमच्या वकील मित्रांत अजूनही असे समजणारे आहेत, की खासगीपण हे बंगल्यात राहणाऱ्यांचे चोचले आहेत. एका खोलीत सात माणसे झोपतात, तिथे कसले खासगीपण! त्यांनी एकदा वसुलीच्या बैठकीला बसून पाहावे. हफ्ता चुकलेल्या बाईचे सगळे हिशेब चारचौघींसमोर मोठ्याने वाचले जातात, आणि ती पदर तोंडावर घेऊन बसलेली असते.

मागणी आपण दोन अंगठ्यांची करावी. कायद्याच्या सक्तीचा कागद वेगळा, विक्रीच्या संमतीचा कागद वेगळा, आणि दोन्ही मराठीत. तिकडच्या पोरींना तेलुगूत, कोलामांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवून. कर्जाचे कार्ड आणि करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा, हा २०२२ चाच नियम आहे. तो आधी मागावा. दुसऱ्या कागदावर अंगठा दिला नाही म्हणून कर्ज अडवले, तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, तीस दिवस थांबावे, आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. फी नाही, वकील लागत नाही. हे मी स्वतः वकील असून सांगतो.

वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन होते. आमच्याकडे यंदा वाचनानंतर अर्धा तास शिकलेली पोरे-पोरी बायकांचे अहवाल काढून वाचून दाखवणार आहेत, एकेकीचा वेगळा बसून, चारचौघींत नाही. मतदार कार्ड, आधार आणि कर्जाचे कार्ड आणायचे. ज्यांच्या नावावर दुसऱ्याचा मोबाइल क्रमांक चढवलेला आहे, त्यांनी आधी कंपनीला अर्ज देऊन तो बदलून घ्यायचा. अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे. ती ताई पहिल्या रविवारी तिच्या नावाच्या दुसऱ्या बाईला घेऊन येणार आहे. त्या दुसरीला अजून माहीतच नाही, की तिचे थकलेले कर्ज एवढे दिवस कुणाच्या नावावर होते.