हाडाआधीची कूर्चा
मानवी गर्भात चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हातापायांच्या जागी जे लहान उंचवटे दिसू लागतात, त्यांच्या गाभ्यातील सैल पेशी दाटीने एकत्र येतात आणि ‘सॉक्स-९’ या जनुकाच्या प्रभावाखाली कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जाणवते तशी लवचीक ऊती, तयार करून भावी हाडाचा आराखडा उभा करतात. पुढे आराखड्याच्या मध्यभागातील पेशी फुगतात, भोवती कॅल्शियमचे क्षार साचतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्यासोबत आलेल्या अस्थिजनक पेशी कूर्चेच्या जागी हाड रचतात. मांडीच्या हाडात हे साधारण सातव्या-आठव्या आठवड्यात सुरू होते. हाडाच्या टोकांजवळची कूर्चेची पातळ वृद्धिपट्टी मात्र किशोरवयापर्यंत टिकते आणि तिच्यामुळेच हाडाची लांबी वाढते.