दोन दरबारांचा मानकरी : जॉन लॉर्ड

रॉक संगीताची कीर्ती गायक आणि गिटारवादक या दोघांनीच आपसांत वाटून घेतलेली असल्यामुळे, वाद्याआड अर्धा झाकून बसलेल्या ऑर्गनवादकाची दखल श्रोते सहसा घेत नाहीत. परंतु ‘डीप पर्पल’ या इंग्रज बँडचा जो घनगंभीर नाद जगभर ओळखला जातो, त्याचे निम्मे श्रेय तरी जॉन लॉर्ड यांच्या पदरात टाकावे लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

९ जून १९४१ रोजी लेस्टर येथे जन्मलेल्या लॉर्ड यांनी बालपणी पाश्चात्त्य अभिजात पद्धतीचे पियानोशिक्षण घेतले, पुढे नाट्यविद्येच्या अभ्यासासाठी लंडन गाठले, आणि तेथे जॅझ व ब्लूज वाजवता वाजवता नाटक कायमचे मागे पडले. १९६८ साली ‘डीप पर्पल’ची स्थापना झाली. या बँडमध्ये लॉर्ड जो वाजवत, त्या हॅमंड ऑर्गनच्या पोटात मोटरीवर फिरणाऱ्या धातूच्या चकत्या असतात. चुंबकापाशी फिरताना त्या तारेच्या वेटोळ्यात ठरावीक कंपनसंख्येचा विद्युत्प्रवाह उत्पन्न करतात, आणि वादक पट्ट्या मागेपुढे सरकवून त्या स्वरांचे मिश्रण ठरवतो. हा आवाज फिरत्या कर्ण्याच्या लेस्ली स्पीकरमधून काढण्याचा प्रघात असताना, लॉर्ड यांनी आपला ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. त्या गुरगुरत्या, फाटक्या आवाजातून १९७२ च्या ‘मशीन हेड’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘हायवे स्टार’मध्ये बाखच्या वळणाची स्वरावली धावत सुटते, तेव्हा अभिजात आणि रॉक अशा दोन्ही घराण्यांचे संस्कार एकाच हातात नांदताना दिसतात. १९९५ साली मुंबईकरांनाही हा हात प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आला होता.

तथापि त्यांची खरी महत्त्वाकांक्षा निराळी होती. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, माल्कम आर्नल्ड यांच्या संचालनाखाली, रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि ‘डीप पर्पल’ यांनी मिळून लॉर्ड यांचा ‘कन्चर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ सादर केला. पुढे त्या रचनेची स्वरलिपीच गहाळ झाली! अखेर मार्को द खूय या डच संगीतकाराने जुने ध्वनिमुद्रण व चित्रण पुनःपुन्हा ऐकून-पाहून ती नव्याने उतरवली, आणि १९९९ साली त्याच सभागृहात तिचा पुनश्च प्रयोग झाला. मधल्या काळात ‘व्हाइटस्नेक’ या दुसऱ्या बँडमधील चाकरीही झाली, पण तिच्यात लॉर्ड यांचे स्वत्व फारसे आढळत नाही.

२००२ साली ‘डीप पर्पल’चा निरोप घेऊन त्यांनी स्वतःला स्वरलेखनास वाहून घेतले. ऑगस्ट २०११ मध्ये आपणांस कर्करोग झाल्याचे त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता जाहीर केले. कार्यक्रम तूर्त थांबवले, लेखन मात्र चालूच ठेवले. रोग स्वादुपिंडाचा होता. जठरामागे दडलेला हा अवयव आरंभी क्वचितच तक्रार करतो. कावीळ, वजनातील घट अथवा पाठदुखी ध्यानी येईपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते, शिवाय या व्याधीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भयही मोठे. १६ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, अशीच गुठळी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकून लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

आजारपणाच्या त्या काळातच कन्चर्टोचे स्टुडिओतील पहिले ध्वनिमुद्रण पुरे होत होते. ते त्यांच्या निधनानंतर, २०१२ च्या शरद ऋतूत प्रसिद्ध झाले, आणि त्यातील ऑर्गन लॉर्ड यांनी स्वतः वाजवलेला आहे.