वाटणी पाण्याची, वाटणी टंचाईचीही

गिरणा धरणातून आवर्तन सुटल्याची बातमी येते तेव्हा तिची चर्चा फक्त शेतकऱ्याच्या ओट्यावर होत नाही. नदीकाठच्या गावांत पाणीपुरवठ्याच्या विहिरींना पाझर लागणार, नळ दोन दिवस आधी येणार, म्हणून घरातल्या बाया हंड्या-टाक्यांचा हिशेब मांडतात. शेतात गहू-हरभरा शेवटच्या पाण्याची वाट पाहत असतो. पुढच्या महिन्यात मेथी-कोथिंबीर काय भावाने घ्यावी लागेल, याचा अंदाज बागवान बांधतो. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलच्या केळीबागांत राबणाऱ्या तडवी मजुराची रोजीही पाण्यावरच ठरते. पाण्याचा निर्णय असा प्रत्येक घरात येतो. पण तो घेतो कोण आणि कशाच्या आधारे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

निर्णय होतो कसा?

तापी खोऱ्यातील पाटबंधारे प्रकल्पांची जबाबदारी प्रामुख्याने तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे. 1997 च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय जळगावला आहे. तापी-पूर्णा संगमाखालचे 41 दरवाजांचे हतनूर, जळगाव शहराची तहान भागवणारे वाघूर, पांझरेवरील लाटीपाडा आणि अक्कलपाडा ही नावे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात आहे. मात्र त्याच्या सिंचनाचा मोठा लाभ जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या पट्ट्याला मिळतो.

पावसाळा सरला की 15 ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे, ते पाहून वर्षाचे नियोजन होते. आधी पिण्याचे पाणी बाजूला काढतात. ते आरक्षण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत ठरते. उरलेल्या पाण्यात शेतीला किती आवर्तने द्यायची आणि ती केव्हा सोडायची, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांचा क्रम होता, शेती त्यांच्या मागे होती. 2011 साली हा क्रम बदलला आणि शेती दुसऱ्या स्थानावर आली. कागदावरचा एक क्रम बदलला की हजारो शेतांचे भवितव्य बदलते, ते असे.

पाणी भरपूर असते तेव्हा या बैठका शांततेत होतात. खरी परीक्षा तुटीच्या वर्षी असते. गिरणा धरण 2019 साली अनेक वर्षांच्या खंडानंतर काठोकाठ भरले, तेव्हा लोक ते पाहायला गेले होते. 2023 साली ते पुरते भरले नाही आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: जे आहे ते कोणाला आणि किती?

पांझराकाठचे जुने शहाणपण

या प्रश्नाला खानदेशाने फार पूर्वी एक उत्तर शोधले होते. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. तिला सरकारी खात्याचा आधार नव्हता. गावानेच ती उभी केली आणि गावानेच सांभाळली.

नदीवर दगडी बंधारा बांधायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे. अशा एका भागाला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भुसार पीक, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी देण्याचे काम शेतकऱ्याने करायचे नाही, ते पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्या करायचा. त्यांना मोबदला धान्यात मिळे. पाट फुटला, बंधाऱ्यात गाळ साठला तर साऱ्यांनी मिळून काम करायचे.

या पद्धतीचा प्राण मात्र वेगळ्याच गोष्टीत होता. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी आले की पंच बसत आणि यंदा एक फड पडीक ठेवायचा, असे ठरवत. त्या फडात पाटलाचाही तुकडा असे आणि लहान शेतकऱ्याचाही. त्यामुळे नुकसान एकट्यादुकट्याच्या माथी न पडता सगळ्यांत वाटले जाई. वरच्याचे शेत हिरवे आणि खालच्याचे करपलेले, असे चित्र सहसा दिसत नसे. फड पद्धतीने पाण्याबरोबर टंचाईचीही वाटणी केली, म्हणून ती टिकली.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता आणि निर्णयात बाईचा आवाज नव्हता. पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, काठावर मोटारी बसल्या, विहिरी खोल गेल्या, तसे पाटाचे पाणी आटत गेले आणि अनेक बंधाऱ्यांवरची फड पद्धत मोडकळीस आली.

इतरत्रही हाच नियम

वरचा आणि खालचा हा तंटा जगभर आहे. मदिन्याजवळच्या महजूर ओढ्याच्या पाण्याचा निवाडा हदीसग्रंथांत नोंदलेला आहे. वरच्या शेतकऱ्याने घोट्याइतके पाणी घ्यावे आणि मग ते खालच्यासाठी सोडून द्यावे, असा तो निवाडा होता. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाणी न्यायालय भरते. तेथील शेतकरी स्वतःतून निवडलेल्या पंचांपुढे आपले गाऱ्हाणे तोंडी मांडतात आणि निकाल जागच्या जागी लागतो. या परंपरेची मुळे अंदलुसच्या मुस्लिम काळापर्यंत नेली जातात. तिथे कालव्याला म्हणतात तो शब्दही अरबी ‘साकिया’वरूनच आलेला आहे. युनेस्कोने 2009 साली या न्यायालयाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात 2005 साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणले, दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट उघडली. संस्थेला पाणी मोजून द्यायचे आणि संस्थेने ते सभासदांत वाटायचे, अशी कल्पना आहे. संचालक मंडळात कालव्याच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे शेतकरी समान संख्येने असावेत आणि अध्यक्षपद या तीन भागांत फिरावे, अशीही तरतूद आहे. टेलच्या शेतकऱ्याला खुर्ची देणारा हा कायदा फड पद्धतीच्या शहाणपणाच्या बराच जवळ जातो.

पण खुर्ची असणे वेगळे आणि तिच्यावर जाऊन बसणे वेगळे. संस्था कागदावर असते, सभेला चार माणसे येतात आणि वरच्या भागातले दोन-तीन जण पाळी ठरवतात, असे घडू शकते. शेवटच्या शेतात पाणी पोहोचत नाही, याला गळक्या चाऱ्या कारणीभूत असतात, तशी आपली गैरहजेरीही असते.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. संस्थेचे सभासदत्व जमिनीशी बांधलेले आहे. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव उताऱ्यावर नसेल तर तिला मत नाही. वारसाहक्काने बहिणीला वाटा मिळतो हे आपण सगळे मान्य करतो, पण तलाठ्याकडे नोंद करायची वेळ आली की ‘पुढे पाहू’ म्हणतो. तिची नोंद राहिली की जमिनीबरोबर पाण्यातला तिचा शब्दही राहून जातो.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, रब्बीच्या आवर्तनासाठी पाटबंधारे खाते जाहीर प्रकटन काढते. दिलेल्या मुदतीत सात नंबरचा पाणी मागणी अर्ज भरावा आणि पोच घ्यावी. मागणीच नोंदलेली नसेल तर तक्रारीला बळ राहत नाही.

दुसरी, आपल्या चारीवर पाणी वापर संस्था आहे का, याची चौकशी करावी. असेल तर तिच्या सभेला जावे, हिशेब आणि पाळीपत्रक मागावे.

तिसरी, गावात ग्रामसभेला नळाच्या पाण्याचा प्रश्न मांडावा. आपल्या गावासाठी धरणात किती आरक्षण आहे, ते विचारावे. मोहल्ल्यातील बायांनी एकत्र जाऊन विचारले तर त्याचे वजन अधिक पडते.

चौथी, घरातल्या वारसांच्या नोंदी पूर्ण कराव्यात. त्यात आई, बहीण, बेगम यांची नावे सुटू देऊ नयेत.

नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला 2024 साली राज्य सरकारने मंजुरी दिली. पश्चिमेकडे वाहून जाणारे नऊ टीएमसीहून अधिक पाणी गिरणा खोऱ्यात आणण्याची ती योजना आहे. ते पाणी येईल तेव्हा त्याचे स्वागतच होईल. पण वाटणी बिघडलेली असेल तर नवे पाणीही जुन्याच वाटेने जाईल, वरच्या शेतात थांबेल आणि खालच्या चारीला कोरडे ठेवेल. धरणात किती पाणी आहे हे पावसाच्या हाती आहे. ते शेवटच्या शेतापर्यंत आणि शेवटच्या नळापर्यंत जाते की नाही, हे मात्र आपण सभेला जातो की नाही यावर बरेच अवलंबून आहे.