घरगुती वातानुकूलन यंत्राची जोडणी व दुरुस्ती

घरगुती वातानुकूलन यंत्राची जोडणी व दुरुस्ती हा निवासी खोल्या थंड किंवा उबदार ठेवणारी यंत्रे बसवण्याचा, त्यांची निगा राखण्याचा आणि त्यांतील बिघाड दूर करण्याचा व्यवसाय आहे. बोलीभाषेत या यंत्रास ‘एसी’ म्हणतात. सर्वाधिक प्रचलित असलेला स्प्लिट एसी कारखान्यातून दोन सुट्या भागांत येतो आणि त्याच्या नळ्या प्रत्यक्ष घरात जोडल्या जातात. त्यामुळे त्याची क्षमता, वीजवापर, आयुष्य आणि सुरक्षितता ही कारखान्याइतकीच तंत्रज्ञाच्या कामावरही अवलंबून असते.

पार्श्वभूमी

आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ १९०२ साली अमेरिकन अभियंता विलिस कॅरियर यांनी न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आखलेल्या यंत्रणेपासून मानला जातो. हवेतील आर्द्रतेमुळे कागद प्रसरण-आकुंचन पावत असे आणि रंगीत छपाई बिघडत असे. ही आर्द्रता नियंत्रित करणे हा त्या यंत्रणेचा उद्देश होता. भारतात ब्लू स्टार (१९४३) आणि व्होल्टास (१९५४) या मुंबईत स्थापन झालेल्या कंपन्या या क्षेत्रातील जुन्या कंपन्यांपैकी आहेत.

कार्यतत्त्व

एसी थंडावा निर्माण करत नाही. तो खोलीतील उष्णता बाहेर नेतो. आतील कॉइलमध्ये शीतक द्रवाचे बाष्पीभवन होताना तो हवेतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर हे बाष्प दाबून बाहेरील कॉइलमध्ये पाठवतो. तेथे उष्णता बाहेरच्या हवेत जाते व बाष्पाचे पुन्हा द्रवात रूपांतर होते. शीतकाच्या प्रवाहाची दिशा उलटवणारी झडप असल्यास हेच यंत्र हिवाळ्यात खोली उबदार करू शकते. यंत्राची क्षमता ‘टन’ या एककात सांगतात. हा टन वजनाचा नसून उष्णता बाहेर टाकण्याच्या वेगाचा आहे. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट.

जोडणी

क्षमता निवडताना खोलीच्या क्षेत्रफळाबरोबरच वरचा मजला, पश्चिमेकडील भिंत, खिडक्या आणि राहणाऱ्यांची संख्या विचारात घेतात. बाहेरील भागाभोवती हवा खेळती असावी लागते; तो बंदिस्त जागेत बसवल्यास बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते आणि वीज अधिक लागते. निचऱ्याच्या नळीला बाहेरच्या दिशेने उतार देतात. यंत्रासाठी स्वतंत्र विद्युत मंडल व योग्य अर्थिंग आवश्यक असते.

तांब्याच्या नळ्या जोडल्यावर त्यांत कोरडा नायट्रोजन भरून गळती तपासतात. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढून मगच शीतक सोडतात. निर्वात करण्याची ही पायरी वेळखाऊ असल्याने काही वेळा गाळली जाते. त्याचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. मात्र अडकलेल्या हवेमुळे मंडलातील दाब वाढतो, ओलाव्यामुळे तेलात आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसर लवकर निकामी होतो.

देखभाल व बिघाड

जाळीवर धूळ साचणे, निचऱ्याची नळी तुंबून घरात पाणी गळणे, कपॅसिटर निकामी होणे आणि शीतकाची गळती हे नेहमी आढळणारे बिघाड आहेत. हवेचा प्रवाह अडल्यास किंवा शीतक कमी झाल्यास आतील कॉइलवर बर्फ जमतो. समुद्रकिनाऱ्यालगतच्या भागांत, उदाहरणार्थ मुंबई, कोकण व गोव्यात, खारट हवेमुळे बाहेरील कॉइल लवकर गंजते.

एसीमध्ये दरवर्षी ‘गॅस’ भरावा लागतो हा सर्वसामान्य समज चुकीचा आहे. शीतक बंद मंडलात फिरतो; तो इंधनाप्रमाणे जळून संपत नाही. तो कमी झाला असल्यास कोठेतरी गळती असते. ती शोधून बुजवणे, मंडल निर्वात करणे आणि यंत्रावरील पट्टीवर नमूद केलेल्या वजनाइतका शीतक भरणे ही योग्य पद्धत आहे.

सुरक्षितता

बाहेरील भाग अनेकदा उंच इमारतींच्या बाह्य भिंतीवर असतो. त्यामुळे उंचावरून पडणे हा या व्यवसायातील मोठा धोका आहे व सुरक्षापट्टा अत्यावश्यक ठरतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. दाबचाचणीसाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरल्यास तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. आर-३२ हा शीतक सौम्य ज्वलनशील, तर आर-२९० म्हणजेच प्रोपेन अतिज्वलनशील आहे. ज्या यंत्राची रचना त्यांच्यासाठी केलेली नाही, त्यात ते भरणे धोकादायक असते.

पर्यावरण

जुन्या यंत्रांतील आर-२२ हा शीतक ओझोन थराला हानी पोहोचवतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार अशा पदार्थांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे. त्यांच्या जागी आलेले अनेक शीतक ओझोनला घातक नसले तरी तापमानवाढीस हातभार लावतात. शंभर वर्षांच्या कालावधीत आर-४१०एचा प्रभाव तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट, तर आर-३२चा सुमारे ६७५ पट असतो. अशा पदार्थांचा वापर कमी करणारी किगाली दुरुस्ती २०१६ साली झाली व भारताने ती २०२१ साली स्वीकारली. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी शीतक हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत गोळा करणे महत्त्वाचे मानले जाते.

प्रशिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये प्रशीतन व वातानुकूलन यांत्रिकीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तथापि अनेक जण अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करत हे कौशल्य शिकतात. २०१९ च्या भारत शीतलन कृती आराखड्यात एक लाख सेवा तंत्रज्ञांचे प्रशिक्षण व प्रमाणन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या व्यवसायाला उन्हाळ्यात सर्वाधिक मागणी असते आणि पावसाळा सुरू होताच ती ओसरते.