सातोस्कर, त्रिपाठी आणि तेरा गुण

डॉ. के. डी. त्रिपाठी यांच्या औषधशास्त्राच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९८५ साली आली. २०२५ मध्ये त्याला चाळीस वर्षं झाली, आणि त्याच वर्षी आमच्या भाईंदरकडच्या डोंगरीतली एक मुलगी जॉर्जियातून डॉक्टर होऊन परतली. परदेशात शिकलेल्यांना इथे नोंदणी हवी असेल तर एफएमजीई पास व्हावं लागतं. ती सल्ला विचारायला आली. ‘अंकल, फार्मासाठी कुठलं ॲप घेऊ?’ मी त्रिपाठींचं नाव घेतलं. ‘तीनशे मार्कांत फार्माचे तेरा. तेरा मार्कांसाठी हजार पानं कशी वाचू?’

तिचा हिशोब चोख होता. दीडशेला पास, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, हातात जेमतेम काही महिने. तरीही ते बोलणं मला फार लागलं, कारण मी डॉक्टर झालो तो अशाच पुस्तकांवर.

आमच्या आधीच्या पिढीबद्दल सांगण्यासारखं थोडंच. १९४१ साली पहिल्यांदा निघालेला गुडमन-गिलमनचा औषधशास्त्राचा ग्रंथ लायब्ररीत बसून वाचायचा, बाकी सगळी भिस्त सरांच्या नोट्सवर. साठच्या दशकाच्या अखेरीस सातोस्कर-भांडारकर यांचं औषधशास्त्राचं पुस्तक आलं आणि चित्र पालटलं. दोघेही परळच्या केईएम-जी. एस. मेडिकलच्या परंपरेतले, प्रकाशक मुंबईचेच पॉप्युलर. आपल्याच वॉर्डांत रोगी तपासणाऱ्यांनी आपल्यासाठी लिहिलेलं पुस्तक हाती आलं होतं.

माझं दशक त्यानंतरचं, १९८५ ते ९५. डोंगरीहून भाईंदर स्टेशन गाठायचं, तिथून लोकल. आणि गाडीत वाद एकच, त्रिपाठी की सातोस्कर? त्रिपाठी आटोपशीर. वर्गीकरणाचे तक्ते डोळ्यांपुढे राहायचे, औषधाच्या माहितीखाली बाजारातली नावं आणि गोळी किती मिलिग्रॅमची तेही असायचं. सातोस्कर पसरट, पण औषध कसं चालतं हे सांगून न थांबता ते द्यावं का, यावरही ठाम बोलणारं. परीक्षेला त्रिपाठी आणि दवाखान्याला सातोस्कर, हा माझा कौल तेव्हाही होता, आजही आहे.

पुस्तकाच्या जोडीला प्रॅक्टिकल होतं. बेडकाच्या पोटाचा स्नायू द्रावणात टांगायचा, काजळी धरलेला ड्रम फिरवायचा आणि ॲसिटिलकोलीनचा थेंब सोडायचा. स्नायू आखडला की काजळीवर पांढरी रेघ उठायची. डोस दुप्पट केला तरी रेघ दुप्पट उंच होत नाही, आणि एका उंचीनंतर कितीही औषध घाला, ती वाढतच नाही. ‘डोस वाढवून द्या’ म्हणणाऱ्या पेशंटसमोर मला आजही तो ड्रम आठवतो. ते प्रयोग आता संगणकाच्या पडद्यावर गेले. बेडूक वाचले याचा आनंद आहे. पण काजळीने काळे झालेले हात जे शिकवायचे, ते शिकवणारं दुसरं काही उभं राहिलं नाही.

सगळंच चांगलं होतं असं मात्र कुणी समजू नये. आम्हांला एक अधिव्याख्याते होते, पिवळ्या पडलेल्या कागदांवरून शब्दन् शब्द लिहून द्यायचे. अमुक दोन औषधं एकाच गोळीत कशाला, असं विचारणाऱ्याला तोंडी परीक्षेत त्याची किंमत मोजावी लागे. गाइडांचा धंदा अशाच वर्गांतून फोफावला. आजच्या ॲपला नावं ठेवताना त्या वर्गांना मी माफ करणार नाही.

कारण ‘हे औषध कशाला, आणि त्यात आहे काय’ हा प्रश्न जिवाचा होता. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने चौदा रुग्ण गेले. डायएथिलिन ग्लायकॉलने मूत्रपिंडं निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने ती सगळी साखळी उजेडात आणली. १९३७ मध्ये अमेरिकेत याच विषाने शंभरावर माणसं मारली होती, हे आम्ही शिकलो होतो. १९८८ मध्ये जादा डोसची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची जोडगोळी बंद झाली. तोवर ती दिवस राहिलेत का हे पाहायला बायकांना सर्रास दिली जायची. २०१६ मध्ये सरकारने एका फटक्यात ३४४ जोडऔषधांवर बंदी घातली. तीसुद्धा कोणीतरी लिहून देत होतंच ना?

आणि २०२५ मध्ये पुन्हा तेच डायएथिलिन ग्लायकॉल, या वेळी खोकल्याच्या औषधात. छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लहान मुलं गेली. त्यांतल्या कित्येकांना नागपूरला हलवलं होतं. भेसळ करणाऱ्याचा गुन्हा त्याच्या माथी आहेच. पण त्या औषधात असलेली क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असं केंद्राने २०२३ मध्येच बजावलं होतं. औषध शुद्ध असतं तरी त्या वयाच्या मुलाच्या चिठ्ठीवर ते यायला नको होतं. हे ज्ञान तेरा मार्कांच्या हिशोबात कुठे बसतं?

मी त्या मुलीला ॲप घे म्हटलं. प्रश्न सोडवल्याशिवाय ही परीक्षा निघत नाही आणि तिच्या घरच्यांनी कर्ज काढलंय. पण रोज एक प्रकरण त्रिपाठीतून वाच, प्रतिजैविकं, वेदनाशामकं, मधुमेह आणि रक्तदाब सातोस्करमधून, आणि मग त्याच विषयावरचे प्रश्न सोडव, असंही सांगितलं. उलट क्रमाने केलं तर उत्तरं लक्षात राहतात, औषधं राहत नाहीत.

माझी तक्रार तिच्याबद्दल नाही, पेपर काढणाऱ्यांबद्दल आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने इथे आणि परदेशात शिकलेल्या सगळ्या डॉक्टरांसाठी ‘नेक्स्ट’ ही एकच परीक्षा ठरली, ती लांबतच चालली आहे. ती येईल तेव्हा तिच्यात एखाद्या दवाखान्यातली खरी चिठ्ठी छापा, पाच औषधांची, आणि विचारा: यातली कुठली खोडाल, आणि का?