चाल शीव ओलांडते, मेळा मागे राहतो



आपल्या हदगावच्या बाजूला लग्नकार्य उरकले की घरी गोंधळ घालण्याची रीत आहे. माहूरची रेणुकामाता जवळची, तेव्हा तिचे गोंधळी आपल्या ओळखीचे. त्यांना रेणुराई म्हणतात. तुळजाभवानीचे ते कदमराई. मेळा तो केवढा? नायक, त्याचा साथीदार, एक संबळवाला, एक तुणतुणेवाला. दिवटी पेटते, देवांना आवतण जाते आणि मग आख्यान रंगते.

परभणीच्या राजारामभाऊ कदमांचे नाव गोंधळात मोठे. पण अशा मेळ्यांची कीर्ती मराठी मुलखाबाहेर फारशी का गेली नाही? कला उणी होती का? उत्तरासाठी जरा विलायतेला जाऊन येऊ.

तिकडे वुल्व्हरहॅम्प्टन गावच्या बाजूचा ‘स्लेड’ नावाचा चौघांचा मेळा होता. गिटार, ढोल आणि खणखणीत गळा. त्या संगीताला रॉक म्हणतात. 1971 ते 1973 या काळात त्यांची सहा गाणी ब्रिटनमध्ये खपात पहिली आली. गाण्यांची नावे ते शुद्धलेखन गुंडाळून ठेवून, बोलतात तशीच लिहीत. गुरुजी, लाल शाई जरा आवरा! 1975 साली ही मंडळी अमेरिकेत जाऊन राहिली, खूप फिरली, पण घरच्यासारखी दाद काही मिळाली नाही. गंमत तर पुढेच आहे. त्यांचेच 1973 सालचे एक गाणे ‘क्वाएट रायट’ या अमेरिकन मेळ्याने 1983 मध्ये गायिले, आणि ते तिथे पहिल्या पाचांत गेले! त्यानंतर स्लेडलाही तिथे थोडे यश लाभले, पण घरच्या मानाने ते थोडेच.

याचा अर्थ काय? चालीला भाषा लागत नाही, मेळ्याला लागते. गोंधळात नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच भोळा प्रश्न टाकतो. त्यात आपला पाऊस येतो, आपला नवरदेव येतो अन् मांडवात हशा पिकतो. निम्मा गोंधळ त्या हशात असतो. संबळाचा नाद सिनेमाच्या गाण्यात सहज जाऊन बसतो. हा हशा परमुलखात कसा न्यावा?

म्हणून नाद टिकला म्हणजे गोंधळ टिकला, असे समजू नका. कथा कुठे थांबवायची, साथीदाराने नायकाला कधी अडवायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आले आहे. जाणता गोंधळी गेला, की त्याच्याबरोबर तेही जाते.

तेव्हा गुरुजी, गावच्या गोंधळ्याला एकदा शाळेत बोलवा. मानाने बसवा, बिदागी द्या. मुलांना एक आख्यान ऐकू द्या अन् वहीत उतरवू द्या, तो बोलतो त्याच बोलीत. त्या वहीवर मात्र लाल शाई नको.