नी कटमधून डार्स चोक

कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र पाठीवर पडलेला गडी पाय मध्ये घालून झुंजत राहतो. त्याच्या पायांचं हे कुंपण म्हणजे गार्ड. ते ओलांडून 3 सेकंद दाबून धरलं की 3 गुण. आमच्यातले बरेच जण तेवढ्यावरच खूश असतात. मला पुढचं आवडतं.

नी कटमध्ये मी गुडघा त्याच्या मांडीवरून तिरका सरकवत पलीकडे नेतो. मला अडवायला तो कुशीवर वळतो आणि वरचा हात माझ्या काखेत घालतो. हा अंडरहूक. बचाव चांगलाच आहे, पण त्यात त्याची स्वतःची काख उघडी पडते. मग मी पास तिथेच थांबवतो, त्या काखेतून हात त्याच्या मानेखाली घालतो आणि पलीकडे निघालेला पंजा माझ्याच दुसऱ्या दंडात अडकवतो. हा डार्स चोक. नाव जो डार्स या अमेरिकन खेळाडूवरून पडलं. हातांनी आवळत बसू नये, छातीने त्याचं डोकं आत दाबावं. मानेच्या एका बाजूला माझा हात, दुसऱ्या बाजूला त्याचाच खांदा. मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. म्हणून हा डाव उस्ताद समोर असतानाच करायचा आणि थाप पडताच सोडायचा. त्याचा एक हात मोकळा आहे ना, तेही मी आधी पाहतो. थाप मारायला हात तर हवा!